बाकावरचे शुक्रवार

माडा,

तुझी तिरडी बांधताना बांबू कमी पडले. हसू नको, खरंच पडले. आणलेले नेहमीच्या मापाचे, आणि वर निजणारा तू, सहा फूट पाच इंच. बाबल्याकाका कोयता हातात धरून विचारतात, "लांबी किती घेऊ?" तर सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. जसा काय मी तुझा शिंपी. मी म्हटलं, "दाराच्या चौकटीपेक्षा एक टाळकं जास्त." मागनं कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. आणि मग बाबल्याकाकाच कोयता खाली ठेवून, तोंडावर टॉवेल धरून रडायला लागले. तुझ्या दारात माणसं हसवायची कामगिरी त्या दिवशी पण माझ्याकडेच आली, लेका.

त्या चौकटीला तुझ्या डोक्याचं तेल लागून काळा डाग पडलाय. परवा निघताना माझी नजर गेली. रोज दोन वेळा आपटायचास, आणि नाना आतनं ओरडायचे, "झाला काय नमस्कार?" एवढी वर्षं आपटून तुला अक्कल आली नाही आणि चौकट पण जागची हलली नाही.

पीटीचे सर बोलले, पक्या, शाळेच्या अंकात माडावर तूच लिही. जन्म, शिक्षण, कुठल्या कुठल्या टीमकडून खेळला, असं सगळं. मी म्हटलं, सर, ते दाखल्यावर असतं. मी त्याच्याशीच बोलतो, मधे तुम्ही येऊ नका. सर गप्प बसले. वीस वर्षांत सर माझ्यापुढे पहिल्यांदा गप्प बसले, त्याचं श्रेय तुला.

तर बोलतो. तू ऐकतोयस असं धरून चालतो. नाहीतरी तू नुसता ऐकायचासच.

तुझं नाव सुहास, हे शाळेत हजेरी घेताना मास्तरांना तेवढं आठवायचं. सहावीत तू वर्गाच्या रांगेत उभा राहिलास तेव्हा मीच मागनं ओरडलो होतो, "अरे, ह्या माडाला कोणीतरी शहाळी काढा रे!" तेव्हापासनं तू माड. मला छडी बसली आणि तुला नाव मिळालं. आपली दोस्ती ह्या व्यवहारावर सुरू झाली.

आणि ती बास्केटबॉलची रिंग! नव्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, वर चार घमेली लाल माती. बॉल लाल, गुडघे लाल, धुवायला टाकलेली बनियन लाल. रिंग लोहाराकडनं वळवून आणली, पण जाळी नव्हती. सर तुझ्या बापसाकडे गेले. नाना म्हणजे मासेमारीच्या मचव्यावरचे जुने तांडेल, बोटीचे कप्तान. खलाशी त्यांच्या नुसत्या खाकरण्याला घाबरायचे, आणि जाळं विणायला त्यांच्यासारखा हात अख्ख्या बंदरात नव्हता. नानांनी दोन दिवसांत जाळी विणून दिली. काय गाठी, काय सफाई! सरांनी शिडीवर चढून बांधली, तू बॉल टाकलास, बरोब्बर आत गेला, आणि गेला तो गेलाच. खाली येईना. नानांनी जाळीचा तळ शिवून टाकलेला.

सर परत नानांकडे. मी त्यांच्या मागे, कारण असला तमाशा मी सोडत नाही.

"नाना, खालनं मोकळी पाहिजे. बॉल पडायला हवा."

"पडायला? मग धरलान कशाला?"

"तसाच खेळ आहे तो."

"मास्तर, मी तीस वर्षं जाळी विणतोय. माझ्या हातनं भोक पडलेलं जाळं भायेर गेला नाय, नि जाणार नाय."

सर इंग्रजी शाळेत शिकलेले, पण नानांपुढे त्यांची पण बोट वाळूत रुतली. जाळी तशीच राहिली. कापायची कोणाची छाती झाली नाही. मग नियम असा पडला की बॉल कोणी का टाकेना, खालनं उडी मारून, ढोसून बाहेर काढायचा तू. कारण दुसऱ्या कोणाचा हात पोचत नव्हता. एका संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा. आम्ही टाकायचो, तू काढायचास. दोन वर्षं. पुढे मुंबईच्या एका कंपनीच्या टीमने तुला उचलला तेव्हा तिथल्या कोचने विचारलं होतं ना, ही उडी कुठे शिकलास? तू बोललास, "वडिलांनी शिकवली." कोचला वाटलं असेल तुझे वडील मोठे खेळाडू.

तू मुंबईला निघालास, त्या सकाळी नाना स्वतः मैदानावर आलेले. खांद्यावर स्वतःची शिडी, कमरेला कोयती. वर चढले आणि जाळीचा तळ कापला. चार गाठी कापल्या आणि चार नव्या मारल्या, उसवू नये म्हणून. खाली उतरून सरांना एवढंच बोलले, "आता काढणारा कोण हाय?" तू तेव्हा एसटी स्टँडवर होतास. मी तुला हे तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गाडीतनं उतरला असतास.

माझं म्हणशील तर मला एकच विद्या येते, नकला. हेडमास्तर, शिपाई, कंडक्टर, बंदरावर लिलाव पुकारणाऱ्या मावश्या, सगळे मी खिशात घालून फिरतो. एक तू तेवढा जमला नाहीस. तुझा आवाज काढायला गेलो की सर्दी झालेला मीच ऐकू यायचो. तू बोलायचास कमी, आणि जे काय बोलायचास ते शेवटचा शब्द गिळून. गिळलेल्या शब्दाची नक्कल कशी करायची, मेल्या?

मग दुबईच्या क्लबाचं पत्र आलं, तू गेलास, आणि आपली पत्रांची तऱ्हा सुरू झाली. एका पाकिटात दोन पत्रं. नानांना वाचता येत नाही म्हणून पाकीट माझ्या पत्त्यावर. नानांचं पत्र चार ओळींचं: मी खुशाल आहे, जेवण बरं आहे, ऊन फार आहे, तब्येत सांभाळा. माझं पत्र दहा पानांचं: शुक्रवारची मॅच. कोण कसा पळाला, रेफ्रीने कुठे माती खाल्ली, युगोस्लाव्हियाचा कोच चिडला की खिशातली सिगारेट कशी मोडतो. नानांचं पत्र वाचून संपायला अर्धं मिनिट. पहिल्या रविवारी वाचून झालं तर नाना बोलले, "बास? एवढा कागद विमानात घालून आणलान, नि ऊन फार हाय?"

मग मी माझं पत्र काढलं. वाचलं नाही, केलं. तुमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, तांदळाचा रिकामा डबा होता, तो पालथा घालून त्याच्यावर बॉल आपटल्याचा आवाज. गालातनं गर्दी. घशातनं अरब अनाउन्सर. शिट्टी तर माझी उपजत. नाना सुपारी कातरायची विसरले. दुसऱ्या रविवारी शेजारची चार डोकी आली. महिन्याभरात खळं भरायला लागलं. नाना धुतलेला सदरा घालून बसायचे, जसा काय सत्यनारायण.

खेळ पण त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजून घेतला.

"रिबाउंड म्हंजे काय रे?"

"दुसऱ्याच्या जाळ्यातनं सुटलेला मासा आपण धरायचा, नाना."

"हां. त्याला हुशारी लागतेय." आणि शेजाऱ्यांकडे वळून, "आमचा सुहास त्यात पयला."

ह्या सगळ्या खेळात तू मुका होतास. माझ्या मॅचमध्ये कोच बोलायचा, रेफ्री बोलायचा, गर्दी बोलायची, तू नुसते बॉल टाकायचास. आवाज जमत नव्हता ना. नानांनी कधी विचारलं नाही. तू तसा घरी पण मुकाच.

आता ते पत्र.

तुझ्या दुसऱ्या वर्षातलं. पाकीट पातळ. नानांचं पत्र नेहमीसारखं, मी खुशाल आहे. माझं एकच पान. "पक्या, गुडघा गेला. उडी मारून खाली येताना पाय दुमडला. डॉक्टर बोलला, चालशील, पण उडी विसर. क्लबाने काढलेलं नाही. बाकावर बसून नव्या पोरांना शिकवायचं काम दिलंय. नानांना आत्ता सांगू नको. मी बघतो कसं सांगायचं ते."

मी ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खळ्यात गेलो. रविवार होता. माणसं बसलेली. डबा कोणीतरी आधीच पालथा घालून ठेवलेला. मी नानांना तुझं खुशालीचं पत्र वाचून दाखवलं. मला एवढंच म्हणायचं होतं की, ह्या खेपेला मॅच नव्हती, सुट्टी होती. तेवढं पुरलं असतं. तू तेवढंच मागितलं होतंस, गप्प राहा. पण गप्प राहणं आणि मी! नानांनी विचारलं, "किती टाकलान ह्या टायमाला?" आणि माझं तोंड बोललं, "अठ्ठावीस."

खळ्यातनं "ओ हो हो" असा आवाज आला. तो आवाज, माडा, तो काय असतो हे तुला माहीत आहे. तुझ्यासाठी हजार माणसं ओरडली असतील, माझ्यासाठी ती वीस. मी सुटलो. बोर्डवर आपटून एक, अर्ध्या मैदानातनं एक, दोघं अंगावर पडलेत आणि तरी एक. तू त्या दिवशी प्लॅस्टरमध्ये पाय घालून पडला होतास आणि मी तुला तांदळाच्या डब्यावर उडवत होतो.

सतरा महिने. दर रविवारी. एकदा खोटं सुरू झालं की ते गणपतीतल्या नाचासारखं असतं, मधेच थांबलं तर लोक विचारतात, काय झालं? तुझी पत्रं येत होती. त्यात तू बाकावर बसलेला असायचास, आणि त्यातलं मी काही सांगत नव्हतो. खरं ते खिशात आणि खोटं ते खळ्यात. बाजारात नाना ताठ चालायला लागले होते. मासे घेताना मावश्या त्यांना विचारायच्या, "नाना, किती टाकलान पोरानं?" आणि नाना आकडा सांगायचे. माझा आकडा.

तू परत आलास तेव्हा मी स्टँडवर आलो नाही, पोट बिघडल्याचं सांगितलं. पोट काय, माझं सगळंच बिघडलं होतं. तू आलास तो जरासा लंगडत. लोकांना वाटलं गाडीत पाय आखडला. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या पोरांनी तुला गराडा घातला, "दादा, एक उडी! त्या अठ्ठावीसवाल्या मॅचमधली!" तू माझ्याकडे बघितलंस. मग पोरांना बोललास, "बूट आणले नाहीत रे."

संध्याकाळी मला भाट्याच्या पुलावर घेऊन गेलास. मधोमध पोचल्यावर कठड्याला टेकलास. मला वाटलं उचलून खाडीत टाकणार. टाकला असतास तर बरं झालं असतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"तूच बोललास नानांना सांगू नको."

"सांगू नको बोललो. नवीन पोरगा जन्माला घाल असं नव्हतो बोललो."

मी हसलो. सवय. तू हसला नाहीस.

"पक्या, काल नाना मला जेवताना माझीच मॅच सांगत होते. मी कसा पळालो, कसा फिरलो. मी ऐकतोय. मला वाटलं, हा कोण आहे? हा बरा आहे माझ्यापेक्षा. माझ्याच घरात मला सावत्र केलास तू."

त्याच्यावर माझ्याकडे विनोद नव्हता. म्हणून मी भांडलो. म्हटलं, तू सुखाने बाकावर बसलेलास, इथे दर रविवारी म्हातारा सदरा घालून बसायचा, त्याच्या तोंडाकडे मला बघायला लागायचं. तू बोललास, "बाकावर सुख असतं असं कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, मग सांग जा ना खरं. तू बोललास, "तू सांग. तू केलंस." मी म्हटलं, "गुडघा तुझा." तू बोललास, "तोंड तुझं." असे आपण दोन घोडे, एकाला तिशी लागलेली आणि दुसऱ्याला लागायची, पुलावर उभे राहून तू सांग, तू सांग करत होतो. शेवटी ठरलं की गणपती होऊन जाऊदे, मग दोघांनी मिळून सांगायचं.

गणपतीत तू पुढच्या दारी आरास बांधलीस. शिडी न घेता, नुसते हात वर करून. नाना खालनं सुतळी देत होते आणि तू ती ताणून ओढत होतास. नाना ओरडले, "आवळू नको. सैल सोड रे." मी बाजूला लाडू खात उभा. ते ऐकून तू गालात हसलास. का, ते मला माहीत होतं, पत्रात वाचलं होतं. पण त्याचं पुढे सांगतो.

गणपती गेले. मिरजोळ्याला एमआयडीसीत तुझ्या नोकरीचं बोलणं सरांनी लावलं होतं. आपण म्हटलं, नोकरी लागली की सांगू. चांगली बातमी पुढे, वाईट मागे. मग तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ ती काय, गावात दर वर्षी चौघांना होते आणि उसाचा रस पिऊन उठतात. तू आठ दिवसांत उरकलंस. एरवी सगळं सावकाश करायचास.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी बसलो होतो. खाट तुला पुरत नव्हती, पायाखाली स्टूल लावलेलं. नाना काढा आणायला गेले होते. तू बोललास, "पक्या, ते राहिलंय."

मी म्हटलं, "बरा हो आधी. मग सांगू. मी तुझा आवाज काढतो, तू माझा काढ."

"तुझा आवाज काढायला आवाज कशाला लागतो? नुसती बडबड पुरते."

आणि हसलास. मी पण हसलो. त्या वेळी मला एक साधा शब्द बोलायचा होता. चुकलं. तीन अक्षरं. ओठापर्यंत आली होती, पण त्यांच्या आधी विनोद बाहेर पडला. माझ्याकडे नेहमी तोच पुढे उभा असतो, रांग मोडून.

तू गेल्यावर दहा दिवस तुमच्या दारात माणसं येत होती. मी चहा देत होतो. आणि काय ऐकत होतो? "काय ती अठ्ठावीसवाली मॅच!" "दोघं अंगावर पडले तरी टाकलान!" माणसं रडत होती, अगदी खरं रडत होती, आणि रडत होती ती माझ्या माडासाठी. तुझ्यासाठी कोणी रडतच नव्हतं. जो सतरा महिने दुखऱ्या गुडघ्याने बाकावर बसला, दुसऱ्यांची पोरं घडवली, त्याला कोणी ओळखतच नव्हतं इथे. मी ओळखत होतो, आणि मी चहा देत होतो. त्यात सर आले, शाळेच्या भिंतीवर तुझ्या नावाखाली रंगवायला म्हणून तुझे आकडे माझ्याकडे मागितले. "तुझ्याकडे असतील सगळे," बोलले. होतेच की.

तेराव्यानंतरचा रविवार. मी सकाळी गेलो. खळ्यात कोणी नव्हतं. नाना धुतलेला सदरा घालून बसले होते, जाळं मांडीवर, सुई चालू. हात चालू, डोळे कुठेतरी. मला बघून बोलले, "ये. आज रविवार ना?"

मी जाऊन बसलो. सवयीने डबा जवळ ओढला. मग सोडला. आणि सांगितलं. सगळं. खिशातलं पान, गुडघा, अठ्ठावीस, सतरा महिने. आवाज न काढता सांगितलं, माझ्या स्वतःच्या आवाजात. तो इतका किडकिडीत आहे हे मला माहीत नव्हतं.

सुई थांबली.

"ते अठ्ठावीस पण?"

"ते पण."

"बाजारात मी बोलत होतो ते?"

"मी रचलेलं, नाना."

नाना उठले. मला वाटलं, आता पाठीत बसणार. मी पाठ पण पुढे केली. त्यांनी तो तांदळाचा डबा उचलला, आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि परत येऊन बसले. बाहेर एक बाई "बांगडे घ्या बांगडे" करत गेली.

मग विचारलंन, "पडला तवा उचलला कोणी?"

माडा, सगळं विचारतील असं मला वाटलं होतं. का केलंस, लाज कशी वाटली नाही, परत तोंड दाखवू नको. ह्या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. पण उत्तर होतं. तुझ्या पुढच्या पत्रात होतं. म्हटलं, "समोरच्या टीमचा एक सुदानी होता. तो खेळ सोडून धावला. सुहासपेक्षा चार बोटं उंच. त्याने काखेत हात घालून उभा केला आणि बाहेरपर्यंत नेला. सुहासने लिहिलं होतं, जन्मात पहिल्यांदा कोणाच्यातरी खांद्यावर माझं डोकं टेकलं."

"पयल्यांदा नाय," नाना बोलले. "ल्हानपणी माझ्या खांद्यावर असायचा. झोपला तर लाळ गाळायचा." सदऱ्याचा खांदा त्यांनी उगाच झटकला. "मग? फुडच्या शुक्रवारी?"

"पुढच्या शुक्रवारी हॉस्पिटलात. मग बाकावर."

"ता सांग."

"बाकावर बसलेल्याचं काय सांगू, नाना? तो नुसता बसलेला."

"बसला व्हता ना? मग बसून काय करत व्हता, ता सांग. डबा नको. तोंडानं सांग."

मी पळत घरी गेलो आणि पत्रांचा सगळा गठ्ठा घेऊन आलो. आणि वाचायला लागलो, सतरा महिन्यांचे शुक्रवार, पहिल्यापासनं. तू पोरांना टॉवेल देतोयस. एकाची बुटाची नाडी बांधतोयस, कारण तो घाबरून थरथरतोय. कोचची मोडलेली सिगारेट उचलून त्याच्या खिशात परत घालतोयस. पावणेसात फुटाचा एक इजिप्शियन पोरगा पास सोडतच नाही, बॉल छातीशी धरून बसतो, आणि तू बाकावरनं त्याला ओरडतोयस. "पक्या, इंग्रजी सुचतच नाही अशा वेळी. मराठीतनंच ओरडतो, सैल सोड, सैल सोड. कोच विचारतो ही कुठली भाषा. मी सांगितलं, तांडेलाची. आता तो पोरगा सैल म्हटलं की पास देतो."

हे वाचताना माझी जुनी खोड वर आली. नुसतं वाचवेना. मी मान वर केली, छाती फुगवली, तुझ्यासारखा शेवटचा शब्द गिळायला बघितलं आणि ओरडलो, "सैल सोड रे!"

सर्दी झालेला मीच.

नानांनी मान हलवली. "असा नाय बोलत तो." मांडीवरचं जाळं बाजूला ठेवलं. समोर मोकळ्या खळ्यात बघितलं, जसं काय तिथे तो घाबरलेला इजिप्शियन पोरगा बॉल धरून उभा आहे. आणि बोलले, मोठ्याने नाही, शेवटचा शब्द अर्धा आत ओढून, "आवळू नको. सैल सोड रे."

तू होतास. मेल्या, अगदी तूच. माझ्या हातातला कागद खाली पडला. वीस वर्षं मी तुझा आवाज शोधत गावभर नकला करत फिरलो, आणि तो तुमच्याच खळ्यात सुपारी कातरत बसला होता.

नानांनी वाकून कागद उचलला, उलटा धरून बघितला, आणि माझ्या हातात दिला.

"वाच. कुठला शुक्रवार झाला?"

"तिसरा."

"मग चवथा."

सर, भिंतीवर आकडे रंगवू नका. खळ्यात बसून माझ्या मॅचना टाळ्या दिलेल्या सगळ्यांनो, तुमच्या टाळ्या मी परत करू शकत नाही, पण खऱ्या मॅच दर रविवारी चालू आहेत, या. डबा नाही. उड्या नाहीत. आम्ही आता अकराव्या शुक्रवारावर आहोत, आणि तू अजून बाकावर बसलेला आहेस, आणि काल नाना मला बोलले, "सावकाश वाच. लवकर संपवू नको."

माडा, चुकलं.